टाळेबंदीने शिकवले ते विसरायचे का?

मैत्रिणींनो, परवा माळा आवरायला काढला. रजयांच्या गठ्ठ्यामागे एक कापडी पिशवी सापडली. आत घरीच शिवलेले चार मास्क, सॅनिटायझरची रिकामी बाटली आणि वहीचा एक फाटका कागद. कागदावर माझ्याच अक्षरात लिहिले होते : ‘चणाडाळ अर्धा किलो, गूळ, काडेपेटी, साबण सहा. कांदे मिळाले तर.’

ते ‘मिळाले तर’ वाचले आणि हातातले फडके तसेच राहिले. किती लवकर विसरलो आपण! आज कांदे महाग झाले तर कुरकुरतो. पण ‘मिळतील का?’ असा प्रश्न पडत नाही. तेव्हा पडत होता. कांदेच नव्हे, औषध, दूध, गॅस, मोलकरीण, घंटागाडी, सगळ्याच बाबतीत पडत होता. गाव म्हणजे काय, ते कशावर चालते आणि कशावाचून अडते, हे आपल्यासारख्या बायकांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तेव्हा पाहिले. त्या शिकवणीचे पुढे काय झाले, हेच आज तुमच्याशी बोलायचे आहे.

आमचे गाव गोंदिया जिल्ह्यातले, तालुक्याचे. ना धड खेडे, ना धड शहर. तुमचेही बहुधा असेच असेल. म्हणून इथली गोष्ट तुम्हाला परकी वाटणार नाही.

तेव्हा काय दिसले?

२२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. आमचा जिल्हा रेल्वेवर वाढलेला. मुंबई-हावडा मार्गावरचे गोंदिया जंक्शन म्हणजे दिवसरात्र गाड्यांची ये-जा. प्रवासी गाड्या थांबल्या आणि रात्री अचानक शांतता झाली. माझ्या सासूबाई म्हणाल्या, “गाडीचा आवाज नाही तर झोपच येत नाही गं!”

रेल्वे थांबली, पण माणसे थांबली नाहीत. मुंबईहून कोलकात्याला जाणारा हमरस्ता आमच्या जिल्ह्यातून सडक अर्जुनी, देवरी करत छत्तीसगडात शिरतो. त्या रस्त्याने मजूर पायी आपापल्या घरी निघाले होते. डोक्यावर गाठोडे, कडेवर मूल, पायात फाटकी चप्पल. शहरांनी त्यांच्या हातून इमारती बांधून घेतल्या, पण अडचणीच्या वेळी त्यांना दोन महिने ठेवून घेता आले नाही. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणींनी तेव्हा दोन पोळ्या जास्त लाटल्या आणि भाताचे पातेले रस्त्याकडे पाठवले.

आणि आपल्या घरात काय झाले? तांदूळ कमी पडला नाही. कसा पडेल? हा जिल्हाच धानाचा, गोंदियाची ओळख भाताच्या गिरण्यांची. वांगी, चवळी, भेंडी, पालेभाजी मिळत राहिली, कारण ती दहा-पंधरा किलोमीटरवरून सायकलीवर आली. अडले ते दुरून येणारे. म्हणजे जे जवळ पिकत होते ते टिकले आणि ज्याची साखळी लांब होती ते तुटले. अर्थशास्त्राचे पुस्तक न उघडता आपल्याला हे कळले.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक काकू राहत. त्यांच्या घरामागे जेमतेम दोन खाटा मावतील एवढी वाडी. तीत भोपळ्याचा वेल, वांग्याची पाच-सहा झाडे, कुंपणावर वालाच्या शेंगांचा वेल; आमच्याकडे त्याला पोपट म्हणतात. एरवी आम्ही त्यांना हसायचो. ‘काकू, बाजारात दहा रुपयांना मिळतं, कशाला राबता?’ टाळेबंदीत त्याच काकूंनी गल्लीतल्या सात घरांना आळीपाळीने भाजी पुरवली. कुंपणावरून पिशवी द्यायच्या आणि दुरूनच म्हणायच्या, “पोट्ट्यांना हिरवं खाऊ घाला माय.”

जूनमध्ये निर्बंध सैल होऊ लागले, आणि हळूहळू सगळे ‘पूर्वीसारखे’ झाले. पूर्वीसारखे म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशव्यांसकट, नालीत टाकलेल्या खरकट्यासकट!

शहर टिकते म्हणजे काय?

‘शाश्वत शहर’, ‘पर्यावरणपूरक विकास’ असे शब्द हल्ली भाषणात फार ऐकू येतात. ऐकले की वाटते, हे मोठ्या माणसांचे काम. पण आपल्या भाषेत त्याचा अर्थ अगदी सोपा आहे. महिन्याचा किराणा आपण कसा वापरतो? एकोणतीस तारखेलाही डब्यात मूठभर डाळ राहील अशा बेताने. गावाचेही तसेच. पाणी, माती, हवा बेताने वापरायची आणि मुलांच्या मुलांसाठी शिल्लक ठेवायची; शिवाय उद्या पुन्हा संकट आले तर गावाचे पाणी, अन्न आणि सफाई बंद पडू नये, एवढी तजवीज करायची.

आपल्या सरकारने ऐन महामारीत, २ ऑक्टोबर २०२० ला, ‘माझी वसुंधरा अभियान’ सुरू केले. भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश या पंचमहाभूतांच्या नावाने गावांचे आणि शहरांचे काम मोजायचे, अशी त्याची मांडणी. भूमी म्हणजे झाडे आणि कचरा, जल म्हणजे तळी आणि पाऊसपाणी, अग्नी म्हणजे ऊर्जेची बचत. नावे तर आपल्या पूजेतलीच! नागरिकांना शपथही घेता येते. शपथ घ्यायला एक मिनिट लागते हो. पाळायला मात्र रोजचा दिवस लागतो.

प्लेगनंतरची शहरे

रोगराईने शहराला जागे केले, हे काही पहिल्यांदा घडले नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. पुढच्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाने गाठले आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. मुंबईत १८९८ साली सुधार न्यास स्थापन झाला. कोंदट चाळींच्या वस्तीतून समुद्राचा वारा खेळावा म्हणून रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याकडे नव्या वस्त्या आखल्या. त्यात गरिबांची घरे पाडली गेली आणि त्यातल्या पुष्कळांना नवी मिळाली नाहीत, हेही खरे.

पण मला आवडते ती दुसरी गोष्ट, आपल्या होळकरांच्या इंदूरची. १९१७ च्या सुमारास पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश नगररचनाकार तिथे आले. तेव्हा इंदुरात प्लेग आणि हिवताप ठाण मांडून होते. या गृहस्थांनी नुसता अहवाल लिहिला नाही; दिवाळीच्या दिवसांत एक मिरवणूक काढायचे ठरवले. मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही, ज्या रस्त्यावरची घरे सगळ्यांत स्वच्छ असतील त्या रस्त्याने जाईल, असे जाहीर केले. मग काय विचारता! घराघरांतून झाडलोट, रंगरंगोटी, कचऱ्याचे ढीग बाहेर. मिरवणुकीत हत्ती-घोडे होते, घाणीचा राक्षस आणि प्लेगचा भला मोठा उंदीर होता, आणि त्या सगळ्यांबरोबर पांढरे स्वच्छ कपडे घातलेले, हार घातलेले सफाई कामगार मानाने चालत होते. तुळशीच्या कुंड्याही होत्या. शेवटी राक्षसाला आणि उंदराला रावणासारखे जाळले.

आज स्वच्छ शहरांच्या यादीत इंदूरचे नाव वर्षानुवर्षे पहिले आले. त्यामागे अलीकडच्या माणसांची मेहनत आहे. पण शंभर वर्षांपूर्वीच्या त्या मिरवणुकीतली एक गोष्ट आपणही घेण्यासारखी आहे. ज्याच्या हातून कचरा उचलला जातो, त्याला त्या दिवशी गावाने हार घातला होता. आपण घंटागाडीवरच्या माणसाचे नाव तरी विचारले आहे का कधी?

दोन डब्यांची गोष्ट

२०१६ सालच्या केंद्राच्या नियमांनी कचरा घरातच वेगळा करायला सांगितले : ओला, सुका आणि घरातला घातक. महामारीनंतर आमच्याकडे भिंतींवर घोषणा रंगल्या, गाडीवर गाणे वाजू लागले. मी उत्साहाने दोन डबे आणले, एक हिरवा, एक निळा. पहिल्याच आठवड्यात शेजारची वहिनी गॅलरीतून हसली, “बाई, तुमी दोन-दोन डबे भरून राह्यल्या, अन् गाडीवाला तर दोन्ही एकातच ओतून राह्यला!”

खरेच होते ते. मी तरातरा खाली उतरले आणि गाडीवरच्या भाऊंना बोलले. ते शांतपणे म्हणाले, “ताई, गाडीत मधात पाटीच नाही. वेगळं ठेवू कुठं?” मी खजील झाले. आपण चिडतो ते नेहमी शेवटच्या माणसावर.

तेव्हा मनात आले, मरू दे, आपणच का वेळ घालवायचा? तुम्हालाही असे वाटले असेल. पण पुढच्या रविवारी भिशीत हा विषय निघाला आणि अकरा जणी तयार झाल्या. आम्ही कार्यालयात अर्ज दिला. उत्तर नाही. पुन्हा दिला. ‘बघू’ म्हणाले. मग एका मैत्रिणीने युक्ती सांगितली. तिने दोन आठवडे वहीत रोज लिहिले : तारीख, गाडी किती वाजता आली, किती घरांनी वेगळा कचरा दिला, गाडीत तो वेगळा राहिला की नाही. ती वही घेऊन गेलो, तेव्हा मात्र साहेबांनी पहिल्यांदा खुर्ची पुढे सरकवली. नुसत्या तक्रारीला उत्तर टाळता येते, हिशेबाला टाळता येत नाही. महिनाभरात गाडीत पाटी लागली.

सगळे सुरळीत झाले म्हणून सांगणार नाही. आजही एखाद्या दिवशी बदली माणूस येतो आणि सगळे एकत्र करतो. वही अजून चालू आहे.

एक गोष्ट मात्र प्रत्येकीने आजपासूनच करण्यासारखी. सॅनिटरी पॅड, बाळाचे डायपर, जखमेच्या पट्ट्या, वापरलेले मास्क हे वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळे द्यावे. कचरा निवडणारी बाई हातानेच निवडत असते, हे आपण बाया विसरलो तर कुणी लक्षात ठेवायचे? आणि कचरा, विशेषतः प्लॅस्टिक, अंगणात जाळू नका. तो धूर पहिला आपल्याच मुलांच्या छातीत जातो.

माठातले खत : सोपी रीत

घरातल्या कचऱ्यात ओल्याचाच वाटा मोठा. तो घरीच जिरला तर गाडीला ओझे नाही, माश्या नाहीत, नालीला वास नाही. वाडी नसली तरी चालते, गॅलरी पुरे.

एक जुना माठ किंवा झाकणाची बादली घ्या. बुडाला आणि बाजूंना बोटभर भोके पाडा. खाली ताटली ठेवा. तळाला चार बोटे वाळलेला पाला किंवा बारीक चिरलेली तणस पसरा. आपल्या धानाच्या मुलखात तणशीला काय तोटा! त्यावर दिवसाची भाजीची देठे, साले, चहाचा चोथा, निर्माल्य (दोरे आणि प्लॅस्टिक काढून) टाका. प्रत्येक ओल्या थरावर तेवढाच कोरडा थर द्या. सुरुवातीला आंबट ताक किंवा शेणकाला वाटीभर शिंपडा. तीन-चार दिवसांनी काठीने खालीवर करा.

माठ भरला की बाजूला ठेवून दुसरा सुरू करा. दीड-दोन महिन्यांत पहिल्यात काळी, भुसभुशीत, पावसानंतरच्या मातीसारख्या वासाची माती तयार होते.

आता तुमच्या शंका. वास येतो? म्हणजे ओल जास्त झाली. पाला टाका आणि हलवा. काहीच होत नाही, नुसते कोरडे पडले? पाणी शिंपडा. पांढऱ्या अळ्या दिसल्या? घाबरू नका, त्या कचराच खातात. कोरडा थर वाढवला की कमी होतात. मटण-मासळीची हाडे, तेल-तुपाचे खरकटे आणि फार शिजलेले अन्न मात्र माठात टाकू नका. तांदळाचे तूस टाकायचे तर थोडेच. ते माती भुसभुशीत ठेवते, पण कुजायला फार वेळ घेते.

या खतावर आधी पालक आणि मेथी लावा. कमी कष्टाची आणि लवकर हाताशी येणारी. एका कुंडीतल्या पालकाने महिन्याचा खर्च काही वाचत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण मुलांना भाजी कुठून येते ते कळते, आणि अडचणीच्या वेळी हात रिकामे राहत नाहीत.

छपरावरचे पाणी

आपल्याकडे पाऊस चांगला, साधारण १२०० मिलिमीटरच्या वर. तरी मे महिन्यात विहिरी तळ गाठतात आणि बोअरला हवा लागते. हिशेब करून पाहा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लीटर पाणी होते. तुमचे छप्पर ५० चौरस मीटरचे, म्हणजे साधारण साडेपाचशे चौरस फुटांचे असेल, तर पावसाळ्यात त्यावर ६०,००० लीटर पाणी पडते. त्यातले निम्मे जरी पाइपाने विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडले, तरी ३०,००० लीटर झाले. आज ते नालीतून वाहून जाते, आणि उन्हाळ्यात आपण टँकरची वाट पाहतो.

शोषखड्ड्याचे काम गवंड्याचे, घरधन्यांनी मनावर घ्यायचे. आपल्या हातातले तेवढे आज करू या : तांदूळ-भाजी धुतलेले पाणी कुंड्यांना, आणि पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून वाया जाणारे पाणी बादलीत धरून फरशी पुसायला.

मामांना विसरू नका

गोंदिया शहराला वैनगंगेचे पाणी डांगोर्लीहून येते. पण पूर्वी या मुलखाची सारी भिस्त तळ्यांवर होती. भंडारा-गोंदिया म्हणजे तळ्यांचा प्रदेश. कोहळी समाजाच्या लोकांनी उतार पाहून, पाळी घालून तलाव बांधले. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. मालगुजारांच्या काळात या तळ्यांची देखभाल गाव करी. १९५१ च्या सुमारास मालगुजारी गेली, तळी सरकारकडे आली आणि ‘माजी मालगुजारी तलाव’ असे त्यांचे नाव पडले. कागदावर त्याचे झाले ‘मामा तलाव’. नावाने मामा, पण भाच्यांनी विसरलेले! गाळ साठला, पाळी खचल्या, काठावर बेशरम माजली.

तुम्ही म्हणाल, तलाव खेड्यातला, शेतकऱ्याचा. आमच्या गावाशी त्याचा काय संबंध? संबंध असा, की तलाव भरला तर आजूबाजूच्या विहिरींना पाझर लागतो. तलावातले शिंगाडे आणि मासळी आपल्या आठवडी बाजारात येतात. आणि आपल्या नालीतले प्लॅस्टिक पावसात वाहत कुठे जाते? जवळच्या तळ्यात.

अर्जुनी मोरगावच्या बाजूला या तळ्यांसाठी फार चांगले काम झाले आहे. मनीष राजनकर आणि त्यांचे ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’ यांनी मासेमारी करणाऱ्या धीवर समाजाच्या जुन्या जाणत्यांकडून तळ्यांचे ज्ञान गोळा केले. कोणती पाणवनस्पती कोणत्या माशाला हवी, अंडी कुठे घातली जातात, हे त्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. मग उन्हाळ्यात तळ्यातली बेशरम मुळासकट काढायची, तळ नांगरायचा, आणि पाणी आले की स्थानिक पाणवनस्पती लावायच्या, असा क्रम बसला. शालू कोल्हे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांबरोबर धीवर स्त्रिया चिखलात उतरल्या. मासे पूर्वी पुरुषांनी धरायचे आणि बायकांनी विकायचे. तळ्याच्या निर्णयात बायकांना कुणी विचारत नसे. आता त्या ग्रामसभेत तळ्याविषयी बोलतात. तळी सावरली तशी हरवलेली स्थानिक मासळी परत दिसू लागली.

मघाशी सांगितलेल्या गेडिससाहेबांनीही आपल्या देशातल्या शहरांना हेच सांगितले होते. डासांच्या भीतीने तळी बुजवू नका. त्यात मासे आणि बदके ठेवा, ती डासांच्या अळ्या खातील. आणि अशाच पाणथळी आणि धानाच्या बांध्यांच्या आधाराने महाराष्ट्रातले उरलेसुरले सारस पक्षी आज मुख्यतः आपल्या जिल्ह्यात जगत आहेत. नवरा-बायकोच्या एकनिष्ठेसाठी नावाजलेला हा पक्षी. त्याचे घर राखणे आपल्याला शोभेल.

आपण शहरातल्या बायांनी काय करावे? गणपती-गौरी शाडूच्या, लहान. निर्माल्य माठात. देवाच्या नावाने प्लॅस्टिकची पिशवी पाण्यात सोडायची नाही. तेवढेच पुष्कळ झाले.

हे सगळे बाईनेच का करायचे?

इथवर वाचून काही जणी रागावल्या असतील, आणि त्यांचे बरोबर आहे. ‘सकाळी डबे, दुपारी सासूबाईंचे पथ्य, संध्याकाळी मुलांचा अभ्यास, त्यात आता हे माठ आणि दोन डबे! पृथ्वी वाचवायची तीही आम्हीच?’

मीही हेच म्हणाले होते. टाळेबंदीत घरातली सगळी माणसे घरात होती आणि काम आपले दुप्पट झाले होते. निसर्ग शुद्ध झाला म्हणून लोक छायाचित्रे काढत होते, आणि आपण तिसऱ्यांदा चहाची भांडी घासत होतो. म्हणून माझे ठाम मत झाले आहे : जे काम एकट्या गृहिणीच्या जिवावर उभे राहते ते टिकत नाही. मग ते घराचे असो की शहराचे.

आमच्या घरी मी वाटणी केली. खताचा माठ यांचा. आधी नाही-होय झाले. सासूबाई म्हणाल्या, “पुरुषानं खरकट्यात हात घालायचा का गं?” मी म्हटले, “आई, टाळेबंदीत भांडी घासलीच होती की त्यांनी. हात काही झिजले नाहीत!” त्या हसल्या आणि विषय मिटला. सुका कचरा धाकट्याचा, पाण्याची बादली थोरलीची. माझ्याकडे वही. यांनी दोनदा माठ हलवायचा विसरून घरभर वास केला, पण मी हात लावला नाही. तिसऱ्या वेळी विसरले नाहीत.

आणि दुसरी वाटणी घराबाहेरची. कचऱ्याच्या गाडीत पाटी लावणे, नाल्या झाकणे, तळ्याकाठचे अतिक्रमण थांबवणे, चालायला पदपथ आणि मुलींना सायकलसाठी सुरक्षित रस्ता देणे ही गृहिणीची कामे नव्हेत; त्यासाठी आपण कर भरतो. महाराष्ट्रात २०११ पासून नगरपरिषदा-नगरपंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. तुमच्या प्रभागाची नगरसेविका कदाचित तुमच्याच गल्लीत हळदीकुंकवाला येत असेल. वाण देताना एक प्रश्नही द्या. आणि तिच्याऐवजी तिचे यजमान उत्तर देऊ लागले, तर म्हणा, “भाऊ, आम्ही ताईंना विचारलं.”

काकूंचे बी

गल्लीतल्या त्या काकू २०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत गेल्या. ताप आल्यापासून पाच दिवसांत. ज्यांच्या हातची भाजी सात घरांनी खाल्ली, त्यांना शेवटचे पाहायला एकही घर जाऊ शकले नाही. तेराव्याचे जेवण नाही, काही नाही. पावसाळ्याच्या तोंडी त्यांच्या मुलाने आईची फळी आवरली, तेव्हा एका डब्यात फडक्यात बांधलेले पोपटाचे बी निघाले. तो दारोदार आला आणि प्रत्येकीच्या हातावर चार-चार बिया ठेवून गेला. कुणी काही बोलले नाही.

आज आमच्या गल्लीत सात कुंपणांवर तो वेल आहे. हिवाळ्यात शेंगा येतात. आम्ही थोड्या खातो, थोड्या वाळवून बी ठेवतो. ते ज्यांना हवे त्यांना देतो.

तेव्हा मैत्रिणींनो, सगळे एकदम करायला जाऊ नका. आठ दिवसांत कंटाळाल. या आठवड्यात एकच ठरवा. दुसरा डबा, किंवा एक माठ, किंवा शेजारच्या तिघींना घेऊन एक अर्ज. आणि ते काम घरातल्या कुणाच्या वाट्याला द्यायचे, तेही त्याच दिवशी ठरवा. तुमच्या गावात काय जमले, काय फसले, ते जरूर कळवा. फसलेलेही कळवा, त्यातूनच तर आपल्याला शिकायला मिळते.